शिंपल्याची कवळी

दातकाकांनी दुकान कायमचं बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. काकूंनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. मग चमच्यांची पाळी आली. मग कपाटातल्या सगळ्या कपांचे कान एकाच दिशेला वळले. पण ज्या दिवशी साखरेच्या डब्यात खायचा सोडा निघाला आणि काकूंच्या चहाला फेस आला, त्या दिवशी मात्र त्यांनी कप ओट्यावर आदळला.

"अहो, इतकी वर्षं तुम्ही लोकांच्या तोंडात हात घातलात, मी काही बोलले नाही. आता माझ्या डब्यांत घालू नका."

खरं तर काकांनी कधीच कुणाच्या तोंडात हात घातला नव्हता. ते दातांचे डॉक्टर नव्हते, कवळ्या बनवणारे कारागीर होते. डॉक्टर जबड्याचं माप घेऊन पाठवायचे आणि काका त्यावरून कवळी घडवायचे. गावातली निम्मी म्हातारी मंडळी त्यांच्या दातांनी जेवत होती. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस हसला, तर काका त्याच्या चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. थेट दातांकडे बघायचे आणि समाधानाने मान डोलवून पुढे जायचे. त्या माणसाला वाटायचं, काय सज्जन गृहस्थ आहे!

दुकान त्यांनी स्वखुशीने बंद केलं होतं. डॉक्टरांकडे आता यंत्रं आली होती, कामं कमी झाली होती, आणि भाड्याच्या जागेचा करारही संपला होता. मनात कडवटपणा नव्हता. फक्त हात स्वस्थ बसायला तयार नव्हते. टीव्हीसमोर बसले तरी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, जणू मेणाची गोळी वळताहेत.

घरात तिघंच. मुलगा जहाजावर इंजिनरूममध्ये होता, त्यामुळे तो घरी कमी आणि फोनवर जास्त असायचा. तिसरी सूनबाई. ती समुद्रकिनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात माशांचा अभ्यास करायची. घरी यायची तेव्हा तिच्या केसांना खाऱ्या पाण्याचा वास यायचा आणि कोपरापर्यंत बाह्या ओल्या असायच्या. एका संध्याकाळी ती जेवायला बसली, पण घास काही तोंडात जाईना.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"आई, माझे बाप बिघडलेत."

काकूंचा हात वाढता वाढता थांबला.

"म्हणजे माशांचे बाप," सून घाईघाईने म्हणाली. "बोटभर लांबीचा, वाळूच्या रंगाचा मासा आहे. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातही असतो, पण वाळूत इतका बेमालूम मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. नर काय करतो, तर रिकामा शिंपला शोधतो. उपडा पडलेला. त्याच्याखाली माती उकरून खोली करतो आणि वरून वाळू ओढून घर झाकून टाकतो. एवढंसं दार ठेवतो. मग मादी येते, आत छताला अंडी चिकटवते आणि निघून जाते."

"निघून जाते?"

"हो. पुढचं सगळं बाप बघतो. राखण करतो, परांनी वारा घालतो, म्हणजे पाणी खेळतं ठेवतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत घर सोडत नाही."

काकूंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की काका ताटातल्या कोशिंबिरीत फारच रस घेऊ लागले.

"मग बिघडलं कुठे?" काकांनी विचारलं.

"मला बघायचंय, कोणता बाप किती काळजी घेतो आणि का. पण शिंपले सगळे वेगवेगळे. एकाला बंगला मिळतो, दुसऱ्याला खोपटं. एकाचं छत उंच, दुसऱ्याचं चपटं. मग बाप चांगला की घर चांगलं, कसं ओळखायचं? शिवाय आतली अंडी बघायची तर शिंपला उचलावा लागतो. तो उचलला की घर मोडतं आणि बाप बिथरतो. प्लास्टिकच्या नळ्या ठेवून पाहिल्या, तिकडे कुणी फिरकतही नाही. सगळे शिंपले एका मापाचे हवेत, आणि छत काढता-घालता यायला हवं. असा शिंपला आणू कुठून?"

काकांच्या अंगठ्याची आणि तर्जनीची हालचाल थांबली.

"माप घेतलंयस का?" ते म्हणाले.

"कशाचं?"

"शिंपल्याचं गं. एक चांगला शिंपला आण. उद्याच आण."

माळ्यावरून खोकी उतरली. त्यात मापाची पावडर होती, प्लास्टर होतं, घासायची चाकं होती आणि कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला डबे भरून शिल्लक होता. सुनेने आणलेला शिंपला काकांनी भिंगाखाली धरून इतका वेळ न्याहाळला की काकूंनी विचारलं, "दात मोजताय का त्याचे?" काकांनी उत्तर दिलं नाही. पावडरीत पाणी कालवून त्यांनी तो शिंपला आतून-बाहेरून दाबला, माप घेतलं, प्लास्टर ओतलं. मग गुलाबी मसाला साच्यात भरून उकळत्या पाण्यात ठेवला. घरभर तो जुना उग्र वास पसरला. काकूंनी खिडक्या उघडल्या, पण तक्रार केली नाही. तो वास त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता.

काकांची खरी करामत आतल्या बाजूला होती. वरच्या कवळीला जशी टाळू असते, तशीच त्यांनी शिंपल्याला बसवली. म्हणजे माथ्याला भोक असलेलं बाहेरचं कवच वेगळं आणि त्या भोकातून वरूनच आत घट्ट बसणारी पातळ वाटी वेगळी. नखाने अलगद दाबलं की वाटी टिचकन सुटायची, आणि परत दाबली की केसभर फट राहायची नाही. अंडी वाटीला चिकटली की वाटी काढायची, फोटो घ्यायचा आणि परत बसवायची. बापाला पत्ताही लागणार नाही.

सुनेने पहिला नमुना हातात घेतला. दाबला, सोडवला, परत दाबला. मग एकदम टाळ्या पिटल्या.

"बाबा! हे तर... अहो, हे तर भन्नाट आहे!"

काका वरवर फक्त खाकरले. पण त्या रात्री ते झोपेत हसले, असं काकूंनी नंतर सांगितलं.

पुढे एकाच मापाचे, एकाच घाटाचे गुलाबी शिंपले घडत गेले. काकांनी त्यांना पॉलिशही असं केलं की त्यात चेहरा दिसावा. मग इस्त्रीचा शर्ट घालून ते सुनेबरोबर पहिल्यांदा केंद्रात गेले.

केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड होती. आत दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, डोक्यावरून पाण्याच्या नळ्या, पायाखाली कायम ओली फरशी आणि पंपांची अखंड घरघर. काकांना वाटलं होतं मासे म्हणजे काहीतरी झगमगीत असेल. पहिल्या टाकीत त्यांना वाळूच दिसली.

"मासा कुठाय?"

"तुमच्या नाकासमोर."

मग वाळूचा एक कण हलला. तो डोळा होता. डोळ्यामागे हळूहळू एक चपटं डोकं दिसलं, ठिपक्याठिपक्यांचं अंग दिसलं, आणि पाठीवरच्या परावर एक निळा टिकला. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झाली होती आणि त्या वाटीवर तो ऐटीत टेकून बसला होता.

"अरे लबाडा!" काका म्हणाले. "वाळूचोर आहेस की नुसता!"

त्या दिवसापासून केंद्रात सगळेच त्याला वाळूचोर म्हणू लागले. लॅटिन नाव फक्त अहवालात राहिलं.

टाक्यांत गुलाबी शिंपले गेले. सून आणि सासरे स्टुलं ओढून समोर बसले. नर आला, शिंपल्याभोवती फिरला, आत डोकावला आणि थोडीशी वाळूही उकरली. काकांनी श्वास रोखला. पोट फुगलेली एक मादी आली, आत शिरली आणि तशीच बाहेर पडली. दुसरी आली, तीही तशीच गेली. दुसऱ्या टाकीत तेच, तिसऱ्या टाकीत तेच. दिवसामागून दिवस गेले. मुली बघायला येत होत्या, घर बघत होत्या आणि नापसंत करून जात होत्या.

काकांनी ते मनाला लावून घेतलं. आजवर त्यांची एकही कवळी परत आली नव्हती.

"रंगच नको असेल," ते घरी म्हणाले. "एवढा गुलाबी रंग कुणाला आवडणार?"

"रंगाचं काय, बाबा, तो वरून वाळूच ओढणार आहे," सून म्हणाली. "गडबड आत आहे. मादी आत जाते, उलटी होते, पोट छताला लावते, आणि मग थांबते. आज मी तिला नीट पाहिलं. ती अंडं चिकटवायला बघते आणि सोडून देते. अंड्याच्या बुडाशी बारीक चिकट धागे असतात. त्यांना पकड मिळायला हवी."

काका जेवता जेवता उठले. उष्ट्या हातानेच त्यांनी खोक्यातला एक शिंपला काढला आणि आतल्या वाटीवरून जीभ फिरवली.

"अहो!" काकू ओरडल्या.

"मेण," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले. "पॉलिशचं मेण. सूनबाई, कवळीची जी बाजू हिरडीवर बसते, ती कधी पॉलिश करत नाहीत. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. गुळगुळीत केली की धरत नाही. आणि मी इथे... छान दिसावं म्हणून..."

त्यांचा चेहरा इतका पडला की सुनेला हसावं की नाही कळेना. काकूंनी तिची अडचण सोडवली. त्या आधी हसल्या. मग तिघंही हसत सुटले. काकांचा उष्टा हात तसाच हवेत होता.

सगळ्या वाट्या आतून घासून खरखरीत झाल्या. सून म्हणाली, मसाल्याचा वासही जायला हवा, म्हणून त्या समुद्राच्या पाण्यात भिजत पडल्या आणि पाणी रोज बदललं गेलं. नवी कवळीही आधी पाण्यात भिजवतात, हे काकांना ठाऊक होतंच. या खेपेला त्यांनी घाई केली नाही.

आणि मग एका सकाळी, तीन नंबरच्या टाकीत, काकांच्या डोळ्यांसमोर ते घडलं.

नराने आधी घर आवरलं. तोंडात वाळू भरून बाहेर आणून थुंकायची, परत आत जायचं, परत थुंकायची. मग तो शिंपल्यावर चढला आणि शेपटीने अशी वाळू उधळली की टाकीचं पाणी गढूळ झालं. गढूळपणा बसला तेव्हा गुलाबी रंग नावालाही उरला नव्हता. एक छोटीशी टेकडी आणि तिच्या पायथ्याशी एक काळं भोक, एवढंच.

मादी आली. तिचे डोळे नेहमीपेक्षा काळेभोर दिसत होते.

"काजळ घातलंय का हिने?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"तसंच समजा. अंडी द्यायची वेळ आली की त्यांचे डोळे गडद होतात. लक्ष वेधायला असावं, असं वाटतं."

नर तिच्यापुढे पर फुलवून नाचला, धावत घराकडे गेला, परत आला, परत धावला. मादीने भाव खाल्ला, दुसरीकडे पाहिलं, वाळूतला एक किडा टिपला. आणि मग अगदी सहज, जसं काही तिच्या मनात आधी नव्हतंच, ती त्या भोकात शिरली. बराच वेळ काही दिसलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचं पोट चपटं झालं होतं. मागे वळून न पाहता ती वाळूत दिसेनाशी झाली.

सुनेने वरची वाळू हलकेच सारून नखाने वाटी सोडवली आणि उजेडात धरली. खसखशीच्या दाण्यांएवढी, पाण्यासारखी नितळ अंडी एकाला एक लागून नीटनेटकी बसवलेली. एकावर एक चढलेलं अंडं कुठेही नव्हतं.

"काय बसवलीत!" काकांनी भिंग जवळ नेलं. "अगं, मलासुद्धा इतकी सरळ ओळ जमली नसती."

त्यानंतर काका रोज केंद्रात जाऊ लागले. डबे, चमचे आणि कप आपापल्या जागी सुखाने नांदू लागले. संध्याकाळी काका घरी येऊन सगळी हकीकत सांगायचे आणि काकू भाजी निवडता निवडता ऐकायच्या. बाप कसा दारात बसून राहतो. कानाशेजारचे पर पंख्यासारखे कसे हलवत राहतो. खेकड्याचं पिल्लू आलं तर कसा अंगावर धावून जातो. दुसरी मादी आली आणि तिनेही त्याच्याच घरात अंडी दिली.

"दुसरीनेही? त्याच घरात?" काकूंची भुवई वर गेली.

"सूनबाई म्हणते, ज्याच्याकडे आधीच अंडी आहेत तो त्यांना जास्त आवडतो. म्हणजे सांभाळणारा आहे हे दिसतं ना."

"हं," काकू म्हणाल्या. "अक्कल आहे बायकांना."

असं सगळं मजेत चाललेलं असताना एके दुपारी दाराच्या भोकातून डोकावताना काकांनी ते पाहिलं. तीन नंबरचा बाप आत गेला, छताकडे तोंड केलं आणि एक अंडं गिळलं. काकांना वाटलं, आपल्याला भास झाला. त्याने दुसरं गिळलं.

काका स्टुलावरून उठले. सून तेव्हा मीटिंगला गेली होती. त्यांनी काचेवर बोट आपटलं, "ए! ए राक्षसा!" असं दटावलं. तो तिसरं गिळायला वळला, तसं काकांना राहवलं नाही. भूक लागली असेल बिचाऱ्याला, घर सोडता येत नाही, खाणार काय? त्यांनी फ्रिजमधून कोळंबीचा चुरा काढला आणि चिमूटभर दारासमोर सोडला. वाळूचोराने तो हावरटासारखा फस्त केला. काकांनी आणखी एक चिमूट सोडली. दुसऱ्या दिवशीही सोडली. तिसऱ्या दिवशी सुनेने विचारलं.

"बाबा, तीन नंबरच्या टाकीत तळाशी कोळंबी कशी आली?"

"मी घातली," काका म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. "अगं, तो स्वतःची पोरं खात होता! डोळ्यांदेखत!"

सुनेने डोळे मिटले आणि उघडले.

"बाबा, खातात ते. सगळेच थोडीफार खातात. का खातात, तेच तर मी शोधतेय! म्हणून सगळ्यांना सारखं खाणं देतेय. तुम्ही एकाला जेवण वाढलंत, आता ती टाकी बाद."

"मला काय माहीत..."

"विचारायचं होतं ना मला!"

ती ओरडली नव्हती. पण आवाजात जो थकवा होता, तो ओरडण्यापेक्षा काकांना जास्त लागला. ते शर्टाची बाही सरळ करत एकटेच घरी आले आणि गॅलरीत जाऊन बसले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याची बाजू घेतील असं वाटलं होतं, पण छे.

"चूक तुमचीच आहे. तिचं काम आहे ते, खेळ नाही."

"पण अंडी खाणारा बाप? तू असतीस तर गप्प बसली असतीस?"

"मला नाही माहीत तो का खातो. तीही शोधतेच आहे ना?" काकू शेजारी बसल्या. "पण तुम्ही त्याला राक्षस म्हणायचं म्हणजे कमाल आहे. आपला मुलगा झाला तेव्हा आठवतंय? रात्र रात्र त्याच्या नाकाशी बोट धरून बसायचात, श्वास चालू आहे की नाही बघायला. आणि दर वेळी पोराला उठवायचात! मी तुम्हाला काय काय म्हणायचे ते सांगू का?"

काका हसले नाहीत, पण ओठांचा कोपरा हलला.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले ते दारातूनच परत पाठवतील अशा तयारीने. सून वाटच बघत होती. तीन नंबरच्या टाकीवरची चिठ्ठी तिने काढून टाकली होती.

"ही प्रयोगातून बाद," ती म्हणाली. "माझं काम बाकीच्यांवर भागेल. ही आता तुमची. हवं ते खाऊ घाला. फक्त घालाल तेव्हा मला हाक मारा. आणि बाबा, काल मी जरा जास्तच बोलले."

"नाही गं. बोलायलाच हवं होतं."

"बसा इथे. एक गंमत दाखवते."

तिने वाटी काढली. अंड्यांच्या थरात मध्ये मध्ये मोकळ्या जागा दिसत होत्या.

"पोटभर खाऊनही याने परवा आणि काल अंडी खाल्लीच. म्हणजे नुसती भूक नाही. बघा कुठली खाल्लीत. जिथे फार दाटी होती तिथली, आणि ही कडेची, जी पांढरी पडत चालली होती. कदाचित उरलेल्यांना पाणी नीट मिळावं म्हणून असेल. कदाचित. नक्की नाही." तिचे डोळे चमकत होते. "पण आता मला हे मुद्दाम तपासायला हवं. काही बापांना पोटभर घालायचं आणि बघायचं."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पुष्कळ वेळ पाहिलं.

"दाटी झाली की एखादा दात कमी करावाच लागतो," ते हळूच म्हणाले. "नाहीतर बाकीचे धड बसत नाहीत." मग काचेशी वाकून त्यांनी वाळूचोराला सांगितलं, "माफ कर बाबा. चुकून बोललो."

अंडी रोज बदलत होती. आधी आत एक धूसर रेघ दिसली. मग रेघेला शेपूट आलं आणि ते शेपूट मधूनच झटका मारू लागलं. मग प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसायला लागले, आणि काही दिवसांनी ते ठिपके चांदीसारखे चकाकू लागले. शेकडो डोळे वाटीतून काकांकडे टक लावून बघत होते.

"आज नाहीतर उद्या," सून म्हणाली. "उजेड गेला की फुटतील. अंधारात त्यांना खाणारे कमी असतात ना. आईंना बोलवा."

काकू आल्या त्या नवी चप्पल घालून, थर्मासभर चहा घेऊन. ओल्या फरशीवरून जपून चालत त्या तीन नंबरसमोर पोचल्या आणि म्हणाल्या, "हा? एवढासा? याच्यासाठी तुम्ही रोज डबा नेता?"

सूर्य मावळला तसे सुनेने शेडमधले दिवे एकेक करून घालवले. फक्त कोपऱ्यात एक मंद दिवा राहिला. तिघं स्टुलांवर खांद्याला खांदा लावून बसले. बापाचे पर इतक्या जोरात चालले होते की दारातली वाळू उडत होती.

"दमेल हो तो," काकू कुजबुजल्या.

"श्शू."

आणि भोकातून धुरासारखं काहीतरी बाहेर आलं. पाण्याचाच एक तुकडा थरथरल्यासारखा. मग दुसरा लोट, मग तिसरा. बाप आतून पाणी ढकलत होता आणि प्रत्येक ढकलण्यासरशी पोरं बाहेर उसळत होती. सुनेने टाकीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक टॉर्च धरली, तसा तो धूर वळला आणि उजेडाकडे निघाला. जवळ आल्यावर दिसलं: काचेच्या बारीक काड्या, आणि प्रत्येक काडीला दोन मोठे चांदीचे डोळे.

"अगं बाई!" काकूंनी नवऱ्याची बाही घट्ट पकडली. "अहो, ह्या तर नुसत्या डोळ्यांच्या जोड्या आहेत! पोहतायत बघा! आत्ता जन्मली आणि पोहतायत!"

काकांनी काचेला नाक टेकवलं. ते नुसती मान हलवत राहिले. सून एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. या माशांवर एवढी वर्षं काम करूनही तिचे डोळे दर वेळी भरून यायचे, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग कामाची धांदल उडाली. कपाने पिल्लं अलगद उचलून हिरव्या पाण्याच्या टाकीत सोडायची होती, तिथे त्यांच्या तोंडात मावेल असं सूक्ष्म खाणं होतं. काकूंनी पदर खोचला आणि कप हातात घेतला. "हळू, आई, पाण्यासकट," सून म्हणाली. "मला शिकवू नकोस, तुझ्या नवऱ्याला मीच आंघोळ घातलीय," काकू म्हणाल्या. सगळी पिल्लं हलवून झाली तोवर चहा थंड झाला होता. तो त्यांनी थंडच प्यायला, आणि तिघांनाही तो फार आवडला.

दोन दिवसांनी काकूंनी आपण होऊन चप्पल घातली.

"कुठे?" काकांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर. त्या बापाचं पुढे काय झालं ते नको बघायला? थकून पडला असेल बिचारा."

तो पडला नव्हता. तीन नंबरमध्ये वाळू उडत होती. वाळूचोराने आतली जुनी टरफलं तोंडाने ओढून बाहेर फेकली होती, दार नव्याने उकरलं होतं, टेकडीवर ताजी वाळू चढवली होती, आणि पाठीवरचा निळा टिकला लखलखत होता.

"परत?" काकू थक्क झाल्या. "विश्रांती नाही, काही नाही?"

"यांचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं, आई," सून म्हणाली. "त्यात अंडी घालायचा एकच मोसम."

"मग बरोबर आहे त्याचं. बसून वेळ कशाला घालवेल?"

सुनेने एक काळी वायर आणली. तिच्या टोकाला पाण्यात बुडवायचा छोटा माईक होता, आणि दुसऱ्या टोकाला मोठे हेडफोन. माईक तिने वाळूचोराच्या दाराशी सोडला आणि हेडफोन काकूंच्या कानांवर बसवले. टाकीत दुसऱ्या टोकाला एक काळ्या डोळ्यांची मादी दिसत होती. नर दारात बसला, अंग ताठ केलं आणि थरथरला.

काकूंचा चेहरा आधी कोरा राहिला. मग डोळे मोठे झाले.

"हा बोलतोय!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की शेडमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. कानावर हेडफोन असल्यामुळे आपण ओरडतोय हे त्यांना कळतच नव्हतं. "अहो, मासा बोलतोय! ढोलकीवर बोटं वाजवल्यासारखं! टुकटुकटुकटुक! तिला बोलावतोय तो!"

"दे इकडे, मला ऐकू दे," काका हात पुढे करून म्हणाले. सून पोट धरून हसत होती.

काकूंनी दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट धरून ठेवले आणि काचेवरची नजर न हलवता, तशाच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांबा हो! त्याचं बोलणं संपू दे की आधी!"